शत्रूच्या हातीं अणुबाँब : स्वारी करावी कीं वकील पाठवावा ?

आमच्या एका उपदेशक बंधूंनीं गेल्या महिन्यांत पत्र लिहून आम्हांस असें विचारलें आहे कीं, सायंकाळची प्रार्थना झाल्यावर त्यांच्या गांवची तरुण मंडळी ओट्यावर बसते आणि कोणाच्या तरी फोनवर बातम्या पाहून वाद करिते. जें राष्ट्र शेजाऱ्यांस धमकावितें व गुपचूप अणुबाँब तयार करितें, त्याच्यावर आधींच बाँब टाकून मोकळें व्हावें, असें निम्मे म्हणतात. बोलून मिटवावें, असें बाकीचे म्हणतात. शेवटीं दोन्ही पक्ष उपदेशकाच्या तोंडाकडे पाहतात. त्यांनीं काय सांगावें ?

बंधूंस एका वाक्यांत उत्तर पाहिजे आहे. तें आम्हांपाशीं नाहीं. परंतु असा प्रसंग उत्तर कोरियाच्या संबंधानें खरोखर येऊन गेला आहे, आणि त्यांत दोन्ही मार्गांची कसून मोजदाद झाली होती. ती हकीकत नीट समजून घेतली तर ओट्यावरचा वाद निदान वाऱ्यावर चालणार नाहीं. वर्गांत प्रथम लूक १४ : ३१, ३२ हीं वचनें काढून वाचावीं. तेथील दाखला राज्यकारभार शिकविण्याकरितां दिलेला नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि त्यांतला राजा लढाईस निघण्यापूर्वीं खालीं बसून मोजतो, एवढीच गोष्ट आज आपण त्याजपासून घेऊं.

कोरिया देश १९४५ सालीं दुभागला. १९५० पासून १९५३ पर्यंत दोन्ही भागांत घोर युद्ध झालें, आणि तें तहानें मिटलें नाहीं, केवळ युद्धबंदीनें थांबलें. उत्तरेची राजधानी प्योंगयांग. तेथें एके काळीं ख्रिस्ती मंडळ्या इतक्या होत्या कीं मिशनरी लोक त्या शहरास पूर्वेकडील यरुशलेम म्हणत. ज्या किम इल-सुंग यांच्या अमलांत त्या मंडळ्या नाहींशा झाल्या, त्यांच्या आईचें माहेर ख्रिस्ती होतें. शत्रु, शत्रु असें आपण म्हणतों तेव्हां हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

प्योंगयांगच्या उत्तरेस सुमारें ९० किलोमीटरांवर योंगब्योन म्हणून ठिकाण आहे. तेथें उत्तर कोरियानें एक लहान अणुभट्टी बांधिली. अशा भट्टींत युरेनियमच्या कांड्या जळतात, आणि जळतां जळतां त्यांच्या पोटांत प्लुटोनियम नांवाचा धातु तयार होतो. कांड्या बाहेर काढून पाण्याच्या हौदांत निववितात, मग तेजाबांत विरघळवून त्यांतून प्लुटोनियम वेगळें काढितात. ताक घुसळून लोणी काढावें तसें. असें लोणी थोडेंच पुरतें. १९४५ सालीं नागासाकी शहराचा ज्यानें नाश केला त्या बाँबांत प्लुटोनियम अवघें सहा किलोच्या आसपास होतें.

उत्तर कोरियानें १९८५ सालीं अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारावर सही केली होती. १९९२ मध्यें आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक योंगब्योनला गेले, आणि सरकारनें सांगितलेला हिशेब व त्यांनीं केलेली तपासणी यांचा मेळ बसेना. अधिक झडती मागतांच, मार्च १९९३ मध्यें, आम्ही करारांतून निघतों अशी नोटीस उत्तर कोरियानें दिली. मुदत संपावयास एक दिवस उरला असतां ती स्थगित केली. पुढें १९९४ च्या मे-जूनमध्यें भट्टींतील सुमारें ८,००० कांड्या बाहेर काढल्या. त्यांतून पांचसहा बाँबांपुरतें प्लुटोनियम निघालें असतें.

अमेरिकेचे संरक्षणमंत्री तेव्हां विल्यम पेरी हे होते. योंगब्योनवर हल्ला कसा करावा याची योजना त्यांनीं तयार करविली. तो हल्ला साधेल, विषारी किरणांचा फैलावहि होणार नाहीं, असा त्यांच्या लोकांचा भरंवसा होता. म्हणजे स्वारीवाल्यांचें म्हणणें पोकळ नव्हतें. भट्टी मोडण्याचें सामर्थ्य खरोखर हातीं होतें. अडचण दुसऱ्या दिवसाची होती. दक्षिणेची राजधानी सोल, वस्ती एक कोटीच्या आसपास, आणि ती सरहद्दीपासून सुमारें ५० किलोमीटरांवर. डोंगरांत दडविलेल्या उत्तरेच्या तोफा तिच्यावर रोखलेल्या. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत उत्तरेच्या एका वकिलानें बैठकींत बसून सोल म्हणजे अग्नीचा समुद्र होईल अशी धमकी दिली होती. युद्ध पेटलें तर पहिल्या ९० दिवसांत अमेरिकेचे ५२,००० आणि दक्षिण कोरियाचे ४,९०,००० शिपाई मरतील किंवा जखमी होतील, असा अंदाज सेनापतींनीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांजपुढें ठेविला. त्यांत बायकामुलें धरलेलीं नाहींत. ज्यांच्या घरावर हें सर्व कोसळावयाचें ते दक्षिणेचे अध्यक्ष किम यंग-साम हल्ल्याच्या विरुद्ध होते. दूरच्या गांवीं बसून दुसऱ्याच्या वाड्यास आग लावण्याचा सल्ला देणें सोपें असतें. ओट्यावरच्या मंडळीनेंहि आपण सोलमध्यें राहतों असें क्षणभर धरून बोलावें.

मधला मार्ग आर्थिक बहिष्काराचा होता. त्याकरितां संयुक्त राष्ट्रसंघांत खटपट सुरू झाली. परंतु बहिष्कार म्हणजेच युद्ध असें आम्ही समजूं, असें उत्तरेनें आधींच बजावून ठेविलें होतें.

अशा वेळीं माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला जावयास निघाले. हे गृहस्थ आपल्या गांवच्या बाप्तिस्त मंडळींत शब्बाथशाळेचा वर्ग घेत असत, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. तरुणपणीं ते आरमारांत अधिकारी होते, आणि १९५२ सालीं कानडांत एक अणुभट्टी बिघडली तेव्हां ती साफ करण्याच्या कामीं ते स्वतः खपले होते, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. म्हणजे केवळ गोड बोलणारा मनुष्य तेथें गेला नाहीं. भट्टी म्हणजे काय हें जाणणारा गेला. सरकारी अधिकार त्यांजपाशीं कांहींच नव्हता. जून १९९४ च्या १५ तारखेस त्यांनीं पत्नीसह सरहद्द ओलांडली, व दुसऱ्या दिवशीं ते किम इल-सुंग यांस भेटले.

त्यांनीं मागितलें काय ? योंगब्योनला संस्थेचे दोन निरीक्षक उरले होते, आणि त्यांस घालवून देण्याची तयारी चालली होती. ते दोघे तेथेंच राहूं द्यावे, आणि बोलणीं चालूं आहेत तोंवर भट्टीचें काम थांबवावें. किम यांनीं तें मान्य केलें. त्याच वेळीं वॉशिंग्टनमध्यें अधिक फौज पाठविण्याविषयीं बैठक भरली होती. कार्टर यांचा टेलिफोन तेथें आला. आपणांस न विचारतां ते ही गोष्ट दूरदर्शनवर जाहीर करणार आहेत हें ऐकून तेथले कित्येक अधिकारी रागावले. रागास थोडें कारणहि होतें. परंतु बैठकीचा विषय त्या दिवशीं बदलला तो बदललाच.

जुलैमध्यें किम इल-सुंग वारले. तरी बोलणीं तुटलीं नाहींत, आणि २१ ऑक्टोबर १९९४ रोजीं जिनीव्हा येथें करार झाला. लहान भट्टी बंद, बांधकाम चालूं असलेल्या दोन मोठ्या भट्ट्या बंद, प्लुटोनियम काढण्याचा कारखाना बंद. त्या ८,००० कांड्या डब्यांत घालून मोहोरबंद, आणि या सर्वांवर निरीक्षकांची नजर. उलट उत्तरेस वीज निर्माण करणाऱ्या दोन दुसऱ्या धर्तीच्या भट्ट्या बांधून द्यावयाच्या, व त्या होईतों दरसाल ५ लक्ष टन जळाऊ तेल द्यावयाचें.

आतां स्वारीवाल्यांचें उत्तर ऐकिलें पाहिजे, कारण तें हलकें नाहीं. उत्तर कोरिया तेल घेत राहिला, आणि दुसरीकडे चोरून युरेनियम शुद्ध करण्याच्या यंत्रांच्या मागें लागला. युरेनियमची ही वाट मोठ्या भट्टीवांचून चालते. यंत्रें साध्या इमारतींत लपवितां येतात. ऑक्टोबर २००२ मध्यें अमेरिकेनें ही लबाडी तोंडावर मांडली. तेव्हां ते म्हणतात, बोलणाऱ्यांनीं शत्रूस आठ वर्षें आयती दिलीं. लबाडी झाली हें आम्हीहि मान्य करितों. परंतु त्या आठ वर्षांत योंगब्योनच्या भट्टींतून नवें प्लुटोनियम निघालें नाहीं, आणि त्या दोन मोठ्या भट्ट्या पुढें कधींच पुऱ्या झाल्या नाहींत. त्या चालत्या तर दरसाल कित्येक बाँबांचा माल देत्या. दुसरें, करार एकानेंच मोडला असें नाहीं. अमेरिकेंत लोकसभेचें मन या करारांत नव्हतें. तेल उशिरां जाई, आणि २००३ पर्यंत द्यावयाच्या भट्ट्यांचें काम फारच मागें पडलें होतें.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणें भाग आहे. एका गांवीं दोन भाऊबंदांत विहिरीच्या पाण्यावरून तंटा होता. पंच बसले, पाळ्या ठरल्या, कागद झाला, दोघांनीं अंगठे उठविले, आणि मंडळीनें उपकारस्तुति केली. त्यानंतर पंचांपैकीं कोणीहि त्या विहिरीवर फिरकला नाहीं. दोन उन्हाळे गेल्यावर एकानें रात्रीं चोरून मोटर लाविली, दुसऱ्यानें नळ फोडले, आणि प्रकरण काठ्यांवर आलें. त्या पंचांत आम्ही एक होतों. सलोख्यानें मिटत नाहीं असें लोक तेव्हां म्हणूं लागले. खरी गोष्ट ही कीं सलोखा झाल्यावर राखणीचें काम आम्हीं केलें नाहीं.

योंगब्योनचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. २००२ च्या अखेरीस तेल बंद झालें, डिसेंबरांत निरीक्षकांस घालवून दिलें, जानेवारी २००३ मध्यें उत्तर कोरिया प्रसारबंदीच्या करारांतून निघाला, आणि मोहोरबंद कांड्या उघडून प्लुटोनियम काढलें. ९ ऑक्टोबर २००६ रोजीं त्यानें पहिला अणुस्फोट केला. सप्टेंबर २०१७ पर्यंत असे सहा झाले. मध्यंतरीं निरीक्षक पुन्हा आले, जून २००८ मध्यें एक मनोरा सर्वांसमक्ष पाडण्यांत आला. पण एप्रिल २००९ मध्यें त्यांस पुन्हा बाहेर काढलें. २०१८ व २०१९ सालीं दोन्ही राष्ट्रांचे प्रमुख सिंगापूर व हनोई येथें भेटले. निरीक्षक मात्र परत गेले नाहींत.

स्वारीचा मार्ग इराकांत पडताळून पाहतां येतो. ७ जून १९८१ रोजीं इस्राएलच्या विमानांनीं बगदादजवळची अणुभट्टी उडविली. सुरक्षा समितीनें एकमतानें निषेध केला. पुष्कळ लोक मनांत म्हणाले, बरें झालें, पीडा गेली. परंतु सद्दाम हुसेन यांनीं तेंच काम मोठ्या प्रमाणावर व लपवून आरंभिलें, आणि तें किती वाढलें होतें हें १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आंत गेले तेव्हांच जगास कळलें. त्याच निरीक्षकांनीं तें मोडून टाकिलें. पुढें २००३ सालीं इराकापाशीं महासंहारक शस्त्रें आहेत असें सांगून युद्ध केलें गेलें, आणि तीं सांपडलीं नाहींत.

या सर्वांवरून आमचें मत असें झालें आहे कीं, वादाचा खरा प्रश्न बाँब कीं बोलणें एवढाच नाहीं. त्या जागीं कोणाची नजर आहे, आणि आपण जें करणार त्यानें ती नजर राहते कीं जाते, हा आहे. स्वारीनें इमारत मोडते आणि बहुधा नजरहि जाते. बोलण्यानें नजर मिळते, पण ती दरसाल किंमत देऊन राखावी लागते, आणि शत्रु लबाडी करील असें धरूनच राखावी लागते. म्हणून आम्ही वकील पाठविणारांच्या बाजूचे आहों. शत्रूचा बाँब सुटण्याच्या बेतांत आहे अशी खात्री असतां राजानें काय करावें, हा प्रश्न याहून निराळा आहे; त्यावर आम्ही येथें कांहीं म्हणत नाहीं.

वर्गांत हा पाठ घेणारांनीं धुळींत काठीनें कोरियाचा नकाशा काढावा, सोल व योंगब्योन येथें एकेक खडा ठेवावा, आणि दोन मुलांस योंगब्योनच्या खड्याशेजारीं निरीक्षक म्हणून उभें करावें. बाकीच्यांनीं वाद करावा. ज्या वेळीं कोणाच्या सल्ल्यानें त्या दोघांस तेथून निघावें लागेल त्या वेळीं त्यांनीं निघून जावें, आणि पुढें योंगब्योनला काय चाललें आहे हें वर्गास विचारावें. इराणची हकीकत पुढील पाठीं घेऊं. तेथें २०१५ च्या करारानें निरीक्षकांस मोठी मोकळीक मिळाली, २०१८ मध्यें अमेरिका त्यांतून निघाली, आणि जून २०२५ मध्यें इस्राएल व अमेरिका यांनीं त्या देशाच्या अणुस्थळांवर बाँब टाकिले. त्यानंतर ६० टक्के शुद्ध केलेलें सुमारें ४४० किलो युरेनियम कोठें आहे हें निरीक्षकांस कित्येक महिने स्वतः पाहतां आलें नाहीं.