लोंगेवाल्यात धुकं पडलं तर! टेबलावरची रणगाड्यांची लढाई

४ डिसेंबर १९७१च्या रात्री राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यासोबत जेमतेम १२० जवान होते आणि समोरून पाकिस्तानचे चाळीसच्या वर रणगाडे आले. उजाडताच जैसलमेरहून भारताची हंटर विमानं आली आणि रणगाड्यांची दाणादाण उडाली. आपल्या खेळात त्या सकाळी धुकं पडतं. बदल एवढाच.

खेळाडू दोन : हल्लेखोर आणि राखणदार. सामान बाभुळगावात घरोघरी सापडेल : पिवळसर चादर, जुने कपडे, १२ रिकाम्या आगपेट्या, १२ बटणं, पऱ्हाटीच्या बारीक काड्या, बाटल्यांची ६ बुचं, जीप म्हणून एक खोडरबर, बाभळीचे वाळके काटे, मूठभर ओली काळी माती, काळा आणि लाल दोरा, सुतळी, डिंक, कागदाची २ विमानं, एक नाणं, फासा, पट्टी, कोरे कागद. खरं वाळवंट हवं म्हणून बेंबळा नदीची रेती आणून ओतायचा मोह मात्र आवरा. ती आगपेट्यांत शिरते आणि नंतर आठवडाभर घरभर सापडते.

मैदान

१. १२० सेंटीमीटर लांब आणि ९० रुंद जागा मोकळी करा. टेबल लहान असेल तर खुशाल फरशीवर मांडा, फक्त मांजर आधी बाहेर काढा.

२. जुने कपडे गुंडाळून वाळूची टेकाडं रचा. सगळ्यात उंच टेकाड बरोबर मध्यभागी. तेच आपलं ठाणं. चढ बेताचा ठेवा, नाहीतर आगपेट्या घसरतील.

३. वरून चादर सोडा. ताणू नका, ताणली की टेकाडं सपाट होतात.

४. पश्चिमेच्या काठापासून पूर्वेच्या काठापर्यंत, ठाण्याच्या पायथ्याला लागून, सुतळी टाका. हा रस्ता, पूर्वेला रामगढ. सुतळी सरळच हवी. वळणं दिलीत तर अंतर वाढतं आणि हल्लेखोर पहिल्या फेरीपासून कुरकुरतो.

५. ठाण्याच्या माथ्यापासून १५ सेंटीमीटरवर गोलाकार, काळ्या मातीच्या आठ गोळ्या ठेवा. माती फार ओली नको, चादरीवर डाग पडतो आणि मग आईला तोंड द्यावं लागतं.

६. प्रत्येक गोळीत एकेक काटा उभा रोवा. लहान मुलं खेळणार असतील तर टोकं आधी कापून टाका.

७. काट्यांना काळा दोरा गुंडाळत गोल पुरा करा. ही काटेरी तार. ती रस्त्यावरूनही जायला हवी. इथं हमखास फट राहते, बघा एकदा.

फौज

८. प्रत्येक आगपेटीवर मधोमध एक बटण चिकटवा. डिंक थेंबभरच.

९. बटणावर तीन सेंटीमीटरची पऱ्हाटीची काडी आडवी चिकटवा. ही तोफेची नळी. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. (खरा रणगाडा कसा दिसतो हे जवळून पाहायचं असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक चक्कर मारा.)

१०. बाराही आगपेट्या पश्चिमेच्या काठाबाहेर एकामागे एक लावा. एक आगपेटी म्हणजे तीन-चार रणगाडे. आत अजून एकही नको.

११. सहा बुचं माथ्याभोवती, तारेच्या आत ठेवा. एक बूच म्हणजे २० जवान. सगळी एका बाजूला दाटू नका.

१२. खोडरबराची जीप माथ्यावर ठेवा. तिच्यावर रणगाडाविरोधी तोफ आहे, म्हणून तिला जपा.

१३. राखणदारानं चिठ्ठीवर ‘सुरुंग आहेत’ किंवा ‘सुरुंग नाहीत’ असं लिहून घडी घालावी. ‘आहेत’ लिहिलं तर सुरुंग पेरायला गेलेलं एक बूच आताच बाजूला काढा. हल्लेखोर विचारेल, ‘जवान पाचच कसे?’ म्हणून सहावं बूच दोन्ही वेळा लपवून ठेवायला मुभा आहे. लपवलेलं बूच गोळी झाडत नाही. सुरुंग नसतील तर तिसऱ्या फेरीत परत मांडा. खऱ्या लढाईतही तारेमागं सुरुंग असतील या शंकेनंच रणगाडे अडले होते, तेव्हा चेहरा कोरा ठेवा.

फेरी (१४ ते २० हाच क्रम, अशा बारा फेऱ्या)

१४. कागदावर १ ते १२ आकडे आधीच लिहून ठेवा आणि नाणं फेरीच्या आकड्यावर सरकवा. हे विसरलात की पुढं भांडण ठरलेलं.

१५. सातव्या फेरीपासून राखणदारानं धुक्याचा फासा टाकावा. सातवीत ६ पडला तर धुकं हटतं, आठवीत ५ किंवा ६, नववीत ४ ते ६. असं दर फेरीला एक आकडा वाढवा. धुकं हटेपर्यंत रात्रीचेच नियम चालतात.

१६. हल्लेखोरानं रणगाडे हलवावेत : रस्त्यावर १५ सेंटीमीटर, रस्ता सोडून ८. दर फेरीला नवे तीनच आत येतात. रस्ता सोडलेल्या प्रत्येकासाठी लगेच फासा टाका. १ पडला तर रणगाडा वाळूत रुतला, आणि पुढच्या फेरीत ५ किंवा ६ पडला तरच निघतो. तारेपाशी आलेला रणगाडा तिथंच थांबतो. पुढच्या फेरीत वळसा घ्या किंवा तार ओलांडा. पहिला ओलांडला की चिठ्ठी उघडा. सुरुंग असतील तर ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी फासा टाका, १ ते ३ पडल्यास तो गेला. आधी चिठ्ठी उघडून मग ‘मी वळसाच घेणार होतो’ चालणार नाही.

१७. रणगाडे डागा. रात्री तीनच, २० सेंटीमीटरपर्यंत. धुकं हटल्यावर सगळे, ६० पर्यंत. ६ पडला तर एक बूच किंवा जीप बाद. रुतलेला रणगाडाही डागू शकतो, तो हिशेबात धरा.

१८. जीपची तोफ डागा. पल्ला ३० सेंटीमीटर, ५ किंवा ६ पडला तर रणगाडा बाद.

१९. बुचांनी १५ सेंटीमीटरपर्यंत गोळ्या झाडाव्यात. ६ पडला तर रणगाड्यावरचं जादा इंधनाचं पिंप पेटतं. त्याला लाल दोरा बांधा. रणगाडा बाद होत नाही, उजेड होतो : त्याच्यावर किंवा त्याच्यापासून १५ सेंटीमीटरच्या आतल्या रणगाड्यावर जीप डागेल तेव्हा फाशात १ मिळवा.

२०. धुकं हटलं असेल तर दोन्ही विमानं सोडा. प्रत्येक विमान एका रणगाड्यावर एकदा झडप घालतं. ३ ते ६ पडल्यास तो बाद. हल्लेखोराकडं विमानं नाहीत, त्यामुळं उलट फासा टाकायचा नाही. पंखा आधी बंद करा, नाहीतर हंटर थेट स्वयंपाकघरात उतरेल.

निकाल

२१. पूर्वेच्या काठाबाहेर गेलेले रणगाडे मोजा. बाराव्या फेरीअखेर तीन गेले असतील तर हल्लेखोर जिंकला, नाहीतर राखणदार. ठाण्यावर एकही बूच उरलं नसलं तरी मोजायचे रणगाडेच.

२२. बाजू बदलून पुन्हा मांडा. चिठ्ठीला कोरा कागद घ्या. जुन्या घडीवरून समोरचा बरोबर ओळखतो.