रंगाची फवारणी: शेतातल्या पंपापासून पावडर कोटिंगपर्यंत



वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या कितीतरी मुलांच्या घरचं कुणी ना कुणी या एमआयडीसींमध्ये कामाला असतं. तरी 'दाब' हा धडा आला की आपण टाचणी आणि उंटाचे पाय यांच्यापुढे जात नाही! यंदा रंगाच्या फवाऱ्यावरून शिकवून बघा. मुलांना दोनच प्रश्न द्या: द्रवाचे थेंब कशामुळे होतात? आणि नेम चुकलेले थेंब कुठे जातात?

सुरुवात कपाशीवरच्या पाठीवरच्या पंपाने करा, तो मुलांनी पाहिलेला असतो. त्यात द्रवालाच दाब देऊन बारीक नोझलमधून बाहेर काढतात. एअरलेस मशीन याच तत्त्वावर चालतं, फक्त दाब प्रचंड. साधारण १५०० ते ३००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या दाबाच्या पन्नास ते शंभरपट. घट्ट रंगही त्यातून जातो, म्हणून मोठ्या भिंती, कंपाउंड, शेड यांना ते सोयीचं. पण नोझलपुढे बोट गेलं तर रंग कातडीत घुसतो. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी हळद लावून बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

दुसरा प्रकार हवेचा. रंगीत पाण्याच्या ग्लासात एक स्ट्रॉ उभी धरा, दुसरीने तिच्या तोंडावरून आडवी जोरात फुंक मारा. पाणी वर चढतं आणि तुषार उडतात. (स्ट्रॉ प्रत्येकाची वेगळी, आणि फुंकायचं, ओढायचं नाही.) अमेरिकेतले घशाचे डॉक्टर ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारायला असंच उपकरण केलं होतं. पुढे त्यांच्या मुलाने, थॉमसने, तीच कल्पना रंगाच्या स्प्रे गनसाठी वापरली. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला दिसते ती कंप्रेसरवरची गन हीच. फिनिश सुंदर येतं, पण जोराच्या हवेने थेंब पत्र्यावर आपटून उसळतात, आणि बऱ्याचदा निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो. एचव्हीएलपी गनमध्ये हवा भरपूर असते, पण तोंडाशी दाब १० पौंडांच्या आत. त्यामुळे ६५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त रंग वस्तूवर बसतो. दारं, फर्निचर, बाक यांच्यासाठी मी हीच निवडेन. काम हळू होतं, होऊ द्या.

हवेत गेलेला रंग शेवटी कुणाच्या छातीत जातो, हे वर्गात जरूर विचारा. गाड्यांच्या काही रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा लागू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनातला मास्क थिनरची वाफ अडवत नाही. एखादा मुलगा घरी जाऊन "पप्पा, तुम्ही कुठला मास्क लावता?" असं विचारेल, तर धडा पोचला.

तिसऱ्या प्रकारासाठी फुगा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ न्या. पावडर कोटिंगमध्ये कोरड्या रंगाच्या कणांना विद्युतभार देतात आणि वस्तूला अर्थिंग. कण आपोआप ओढले जातात, पाइपच्या मागच्या बाजूलाही चिकटतात. मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पावडर वितळून घट्ट होते. थिनर लागतच नाही, आणि खाली पडलेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते. "मग शाळेची भिंत अशी का रंगवत नाहीत?" हा प्रश्न मुलांवरच सोडा. भट्टीचं नाव निघालं की उत्तर येतंच.

आता आपल्या कामाचं. मे महिन्यात शाळा रंगवायला काढाल तेव्हा भिंतींना एअरलेस किंवा सरळ रोलर घ्या. एकदोन खोल्या असतील तर खिडक्या-फरशी झाकण्यातच मशीनचा वाचलेला वेळ जातो. कीटकनाशकाचा पंप धुऊन चुन्याला वापरतात, तो वर्गात आणूच नका. रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासायला मुलांना बसवू नका. त्या धुळीत जुनं शिसं असू शकतं, तो पाणी मारून, ओला करून मोठ्यांनीच खरवडावा.