सहभोजन व मैत्री

मधल्या सुट्टीकडे बहुधा केवळ विश्रांतीचा वेळ म्हणून पाहिले जाते. वस्तुतः मुलांच्या मनाच्या जडणघडणीच्या दृष्टीने तिचे मोल एखाद्या तासिकेहून कमी नाही. कोण कोणाशेजारी बसतो, कोण कोणाच्या हातचे घेतो, कोण डबा झाकून खातो, यांत गावची समाजरचना उमटलेली असते. ती पालटण्याचा आरंभही तेथेच होऊ शकतो.

याचा धडा सातारा-सांगलीच्या शिक्षकांना दूर शोधावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) विद्यार्थिदशेत कोल्हापुरास असताना, अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, अशी अट पडली. ती त्यांनी मानली नाही व वसतिगृह सोडले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ज्या पंक्तीच्या दारी भाऊराव अडविले गेले, तीच पंक्ती त्यांनी सर्वांना खुली केली.

या वसतिगृहाचे मर्म नीट ध्यानी घ्यावे. मुलांना तेथे समतेवर केवळ व्याख्याने ऐकविली जात नव्हती. पाणी भरणे, स्वयंपाक करणे, वाढणे, झाडलोट करणे ही कामे मुलेच करीत. ज्याने भाजलेली भाकरी आपण खाल्ली, त्याला हलका लेखणे मनाला अवघड जाते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांना मायेने सांभाळले व अन्नधान्याची अडचण पडली तेव्हा मंगळसूत्रही विकले. एका ताटाची किंमत काय असते, हे त्या मुलांस सांगावे लागले नसेल.

हाच विषय पडद्यावरही आला आहे. अमोल गुप्ते यांच्या ‘स्टॅनले का डब्बा’ (२०११) या हिंदी चित्रपटातील स्टॅनलेपाशी डबा नसतो. सोबती काही न विचारता आपल्या डब्यांतील घास त्याला देतात. मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवणारे एक शिक्षक मात्र डबा नसेल तर शाळेत येऊ नकोस, असे त्यास बजावतात. तो अनाथ असून एका खाणावळीत राबतो, हे प्रेक्षकांस अखेरीस कळते. मुलांनी भूक ओळखली. शिक्षकांनी मात्र मुलाच्या हाती डबा नाही एवढेच पाहिले. शिक्षकाने हा चित्रपट आरशासारखा पाहावा.

आज पहिली ते आठवीच्या मुलांस शाळेतच भोजन मिळते. १९९५ साली सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेस २०२१ पासून ‘पीएम पोषण’ असे नाव आहे. प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गांत १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. धान्य शासन देते. पंक्ती मात्र शिक्षकालाच घडवावी लागते. एका छपराखाली खाल्ले म्हणजे एकत्र जेवण झाले असे नव्हे. मुले आपापल्या आळीप्रमाणे गट करून बसत असतील, तर पोट भरेल, पण मने जुळणार नाहीत.

यास्तव पुढील गोष्टी कराव्यात :

(१) बसण्याचा क्रम दर आठवड्यास बदलावा. तो आडनावावरून वा आळीवरून लावू नये.

(२) वाढणे, पाणी देणे, जागा पुसणे ही कामे मुलगे व मुली या दोघांकडेही पाळीपाळीने द्यावीत. झाडू नेहमी एकाच मुलाच्या हाती जाऊ देऊ नये.

(३) शिक्षकाने मुलांच्याच पंक्तीत बसून तेच अन्न खावे.

(४) जास्त मागणाऱ्या मुलास चारचौघांत टोकू नये. सोमवारी एखादे मूल अधिक खात असेल, तर रविवारी घरी चूल पेटली की नाही, याची चौकशी हलक्या हाताने करावी.

(५) कोणी कोणाच्या हातचे नाकारले, तर शिक्षा करण्याची घाई न करता त्याच मुलाकडून शिक्षकाने प्रथम आपले ताट वाढून घ्यावे व पालकांची भेट घ्यावी.

या कामास निराळी तासिका लागत नाही, निधी लागत नाही. लागते ती शिक्षकाची रोजची नजर. पाठ्यपुस्तकातील समतेचा पाठ वर्षातून एकदा येतो. पंक्ती रोज बसते.