डीएनएच्या तुकड्यांची शर्यत

१९८५ साली इंग्लंडमध्ये एक अवघड प्रश्न उभा राहिला. घानाहून परतलेला मुलगा आपलाच आहे, असे आई सांगत होती. परंतु अधिकाऱ्यांना ते पटेना. लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांनी मुलाच्या आणि कुटुंबीयांच्या डीएनएचे तुकडे जेलमधून सरकवले व त्यांचे पट्टे ताडून पाहिले. मुलगा त्या आईचाच ठरला. मग एखादा तुकडा किती अंतर जाईल, हे कशावर अवलंबून असते?

डीएनएमधील फॉस्फेट गटांमुळे त्यावर ऋण विद्युतभार असतो. म्हणून वीज सुरू करताच तुकडे धनाग्राकडे निघतात. तुम्ही म्हणाल, मोठ्या तुकड्यावर भार जास्त, तेव्हा तोच पुढे जाणार! पण लांबी दुप्पट झाली की भार दुप्पट होतो आणि द्रवाचा विरोधही जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे नुसत्या द्रावणात सारे तुकडे साधारण एकाच वेगाने जातात. त्यांना वेगळे करते ती जेलची जाळी. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या ॲगारोजच्या या जाळीतून लहान तुकडे चटकन निसटतात. लांब तुकडे अडखळत सरकतात.

जाळी किती दाट, हेही महत्त्वाचे. काही हजार बेस-जोड्यांच्या तुकड्यांसाठी सुमारे ०.८ टक्के ॲगारोज पुरते. काही शेकड्यांच्या तुकड्यांसाठी २ टक्के घ्यावे लागते.

विभवांतर सामान्यतः दोन अग्रांमधील दर सेंटिमीटरला ५ व्होल्टच्या आसपास ठेवतात. ते फार वाढवले तर तुकडे वेगाने धावतात खरे. पण जेल तापते, पट्टे फिसकटतात आणि मोठ्या तुकड्यांतील फरक दिसेनासा होतो.

बफर द्रावणातील आयन वीज वाहून नेतात. त्याऐवजी शुद्ध पाणी घातले, तर प्रवाह जेमतेमच वाहतो. बफर फार तीव्र असेल, तर उष्णता वाढते.

शेवटी आकार. जीवाणूंमधील प्लाझ्मिड हा वर्तुळाकार डीएनए घट्ट पिळलेला असेल, तर तेवढ्याच लांबीच्या सरळ तुकड्याच्या सहसा पुढे जातो. त्याचा एक धागा तुटून वर्तुळ सैल झाले, की तो मागे रेंगाळतो.

म्हणूनच प्रत्येक जेलमध्ये नमुन्याशेजारी माहीत असलेल्या लांबीचे तुकडे सोडतात. तीच आपली मोजपट्टी.

आता विचार करा : दोन निरनिराळ्या जेलमध्ये दोन तुकडे प्रत्येकी ४ सेंटिमीटर सरकले. ते एकाच लांबीचे आहेत, असे तुम्ही न्यायालयात छातीठोकपणे सांगाल का?