एक हात पडद्यावर, एक हात धंद्यात

दुकानदार व कारागीर बंधूंनी रोनित रॉय या नटाचा हिशेब एकदा पाहावा. त्यांचा जन्म १९६५ साली नागपुरात झाला. हॉटेल मॅनेजमेंट शिकून ते मुंबईच्या सी रॉक हॉटेलात लागले. तिथे भांडी घासली, टेबले पुसली, गिऱ्हाइकांना वाढलेही. पुढे हॉटेलची लाइन सोडली आणि १९९२ मध्ये 'जान तेरे नाम' केला. चित्रपट चालला, पण नंतर धड काम मिळेना. पहिला सीझन जोरात आणि दुसऱ्याला माल गोदामात पडून, हे आपल्यालाही नवे नाही!

रॉय रिकामे बसले नाहीत. त्यांनी सुरक्षारक्षक पुरविण्याचा धंदा काढला आणि आमिर खान यांच्या संरक्षणाला स्वतः उभे राहिले. मग 'कसौटी जिंदगी की'मधील मिस्टर बजाज घरोघरी पोचला, २०१० मध्ये 'अदालत' मालिका आली. नाव झाले, पैसा आला, तरी धंद्याचे शटर त्यांनी खाली ओढले नाही. आमच्या मते खरी हुशारी इथेच आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मात्र तो धंदाही बसला, शूटिंगही थांबले. तेव्हा घरातील वस्तू विकून आपण शंभरेक कुटुंबांना सांभाळत आहोत, असे त्यांनी सांगितले होते.