लिंडिसफार्नची ओहोटीवाट

इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यालगत लिंडिसफार्न हे बेट आहे. दिवसातून दोनदा भरती त्याची वाट बुडवते. इथल्या नॉर्थम्ब्रिया राज्याचा राजा ऑस्वाल्ड याच्या बोलावण्यावरून स्कॉटलंडच्या आयोना बेटावरून आलेल्या भिक्षू एडनने ६३५ मध्ये इथे मठ स्थापला. राजाचे ठाणे बांबरा समोरच्या किनाऱ्यावर होते. एकांतही मिळाला आणि राजाश्रयही. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी मठ लुटला. वाटेवरचे पाणी पायी येणाऱ्याला अडवते, जहाजाला नाही. ८७५ मध्ये भिक्षू संत कथबर्टची शवपेटी घेऊन बेट सोडून गेले. बाराव्या शतकात मठ पुन्हा उभा राहिला, १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद पडला आणि त्याचे दगड जवळच्या किल्ल्याला लागले. त्या किल्ल्याचे घर करणारे वास्तुकार लट्यन्स म्हणजे नवी दिल्ली घडवणारेच. इथली प्रसिद्ध सचित्र पोथी मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

जवळच्या बेरिक रेल्वे स्थानकापासून बेटाकडचा मार्ग कोणत्याही नकाशावर सापडतो. फसगत होते ती वेळेत. मोटारींचा रस्ता १९५४ चा. पायी जाणाऱ्यांची जुनी वाट खांबांच्या रांगेने पुळणीतून जाते. ती सुमारे पाच किलोमीटर असली तरी घोटाभर चिखलात वेग निम्म्यावर येतो. वेळांचा सरकारी तक्ता रस्त्यासाठी आहे, या वाटेसाठी नव्हे. पायी निघायचे ते पाणी उतरत असताना. पूर्ण ओहोटी लागेपर्यंत पलीकडे पोहोचलेले बरे. भरती समोरून लाट होऊन येत नाही. आधी खाचा भरतात, पाठीमागच्याही, आणि कोरडी दिसणारी पुळण बघता बघता बेट होते.

रस्त्यावर पुलापाशी खांबांवर उभी पांढरी खोली आहे. ‘दहाच मिनिटे उशीर’ म्हणणारे शिडीने तिच्यात चढतात आणि खाली आपलीच गाडी बुडताना बघतात. मग सीहाउसेसची जीवरक्षक नौका निघते, तीही स्वयंसेवकांची. याला साहस म्हणणारा भटका नव्हे, बेफिकीर.

उन्हाळ्यात दिवसभर गर्दी असते आणि मागे कागदी पेले राहतात. पाणी चढण्याआधी ती निघून जाते. मुक्कामी राहणाऱ्याला वाळूच्या दांड्यांवरून सीलांचे हुंकार ऐकू येतात. तक्ता रोज बदलतो. निघायच्या दिवशीचाच पाहावा. उधाण आणि वारा असेल तर तोही अपुरा समजावा.