गोळीची घडण आणि जखमेची खोली

अमेरिकेत शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेत असताना एका उन्हाळ्यात साउथ डकोटा राज्यातील एका लहान रुग्णालयात मी काही आठवडे काम केले. एका दुपारी पंधरा वर्षांच्या मुलाला तेथे आणण्यात आले. मांडीच्या पुढच्या बाजूस पाच-सहा मिलिमीटरचे छिद्र, रक्तस्राव अल्प, पावलाची नाडी हाताला लागत होती. गोळी बाहेर पडल्याची खूण नव्हती. ''गोळी लहान आहे, आत अडकली आहे. जखम धुऊन बांधावी,'' असे मी वरिष्ठांना सांगितले. त्यांनी मुलाच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला : ''गोळी कोणती होती?'' वडिलांनी नाव सांगताच शस्त्रक्रियागृह तयार करण्याची सूचना गेली. क्ष-किरण चित्रात मांडीभर हिमवर्षावासारखे कण विखुरले होते आणि आत मुठीएवढा स्नायू निर्जीव झाला होता. माझ्या सल्ल्याप्रमाणे वागलो असतो, तर दोन दिवसांत त्या मुलाचा पाय धोक्यात आला असता.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला आणि शिकारीची बंदूक आपल्या व्यवसायातून जवळजवळ हद्दपार झाली. तरीही बडोद्यातील आपल्या कितीतरी घरांतील मुले प्रशिक्षणासाठी परदेशी जातात. त्यांच्यासाठी हा विषय येथे मांडतो.

तिकडील ग्रामीण बोलीत उपद्रवी प्राण्याला 'व्हार्मिंट' म्हणतात. कुरणात बिळे करणारे प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग, वासरे-कोकरे पळवणारे कायोटी हे त्यांतले. प्रेअरी डॉगचे शरीर इतके छोटे, की साधी गोळी त्यातून आरपार जाऊन पुढे कोठेतरी गुरांच्या कळपापर्यंत पोहोचेल. म्हणून ही गोळी पहिल्या स्पर्शातच फुटावी, जमिनीवर आपटली तरी उसळू नये, अशी तिची घडण असते.

त्या मुलाचे वडील काडतुसे घरीच भरत. मुलगा बरा होऊ लागल्यावर त्यांनी काही सुट्या गोळ्या कानशीने उभ्या घासून, अर्ध्या करून मला दाखवल्या. सर्वांचा व्यास 0.224 इंच, म्हणजे 5.69 मिलिमीटर. वजन ग्रेनमध्ये. आपल्या आधीच्या पिढीने ज्या ग्रेनमध्ये क्विनीन तोलले, तोच हा ग्रेन. 55 ग्रेन म्हणजे सुमारे 3.56 ग्रॅम.

पहिल्या दोन, हॉर्नडी कंपनीची व्ही-मॅक्स आणि सिएरा कंपनीची ब्लिट्झकिंग, सख्ख्या बहिणी शोभाव्यात. पहिलीचे प्लास्टिकचे टोक लाल, दुसरीचे हिरवे. बाकी पातळ तांबट कवच आणि आत मऊ शिसे. आघात होताच टोक पाचरीसारखे मागे घुसते, कवच फाटते आणि शिशाचा चुरा होतो. याहून नाजूक कवचाची हॉर्नडीची एस-एक्स ही गोळी सेकंदाला 3,500 फुटांपेक्षा अधिक वेगाने सोडू नये, असे सांगितले जाते. दर 14 इंचांस एक पीळ असलेल्या नळीतून त्या वेगाने निघालेली गोळी मिनिटाला 1,80,000 फेरे घेते. त्या गरगरण्यानेच पातळ कवच हवेत फाटू शकते. हा आकडा ऐकून मी स्वतः कागदावर गुणाकार करून पाहिला होता!

तिसरी गोळी 60 ग्रेनची, नोस्लर कंपनीची पार्टिशन. कवच जाड आणि मध्ये आडवी भिंत. कापल्यावर इंग्रजी एच अक्षराची आकृती दिसते. पुढचे शिसे पसरते, मागचे भिंतीआड शाबूत राहते आणि गोळी खोल जाते. ती हरणासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी. चौथी बार्न्स कंपनीची व्हार्मिंट ग्रेनेड; तिच्या गाभ्यात शिसे नाही, तांबे व कथिल यांची दाबलेली भुकटी असते.

व्यास एकच, वजनही जवळपास सारखे, तरी जखमा मात्र वेगळ्या. व्हिएतनाममध्ये शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या मार्टिन फॅकलर यांनी 1980 च्या दशकात दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या सोडून हेच दाखवले. तात्पुरत्या पोकळीने ताणलेला स्नायू बरेचदा सावरतो. पण तुकड्यांनी आधीच ठिकठिकाणी भोसकलेला स्नायू ताणला गेला, की फाटतो. म्हणून केवळ वेग सांगून जखमेचा अंदाज बांधणे त्यांना मान्य नव्हते. पूर्ण कवचाची गोळीही निरुपद्रवी समजू नये; एम-16 बंदुकीची जुनी 55 ग्रेनची गोळी शरीरात आडवी होऊन मोडते, हे त्यांच्याच प्रयोगांतले.

उपचारात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चित्रातील गोळीच्या सावलीवरून व्यास ठरवू नये, कारण अंतरानुसार सावली मोठी होते. दुसरे, निर्जीव स्नायू काढावा, पण कणामागून कण शोधत निरोगी ऊतींची चाळण करू नये. याला अपवाद सांध्याचा. सांध्यातील द्रवात शिसे हळूहळू विरघळते, सांधा खराब होतो आणि रक्तातील शिसेही वाढू शकते. म्हणून तेथील तुकडा काढावाच.

त्या मुलाच्या गुडघ्यात असे दोन कण होते. ते दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढले. मांडीतले राहिले. सहाव्या आठवड्यात तो काठीशिवाय चालत तपासणीला आला. वडिलांनी काचेवर लावलेल्या चित्रातील ठिपके मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले.